त्रिरश्मीचे वारस कोण?



बुद्धपौर्णिमा आली की सातपूर, अंबड, सिडको, नाशिकरोड येथून आपली कुटुंबे त्रिरश्मी लेण्यांकडे निघतात. पांढरी साडी, पांढरा सदरा, मुलांच्या हातात पंचशील ध्वज, पिशवीत जेवणाचा डबा. पायथ्याच्या बुद्धस्मारकात त्रिशरण-पंचशील होते. मग पायऱ्या चढून माणसे वर जातात, लेणी पाहतात, फोटो काढतात आणि दिवस मावळताना घरी परततात. ज्या नाशकात काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९३० पासून १९३५ पर्यंत आपल्या माणसांनी लाठ्या आणि दगड खाल्ले, त्याच नाशकात आज आपली लेकरे ताठ मानेने या डोंगराच्या पायऱ्या चढतात. हे पाहून कोणाचाही ऊर भरून येईल.

पण समजा, वर गेल्यावर बाहेरगावचा एखादा पाहुणा भेटला. त्याने सहज विचारले, ‘‘ही लेणी कोणी कोरली हो? पांडवांनीच ना?’’ आपल्यापैकी बहुतेक जण तत्काळ सांगतील, ‘‘नाही, ही बुद्धलेणी आहेत.’’ उत्तर बरोबर आहे. पण पाहुणा पुढे म्हणाला, ‘‘असं का? मग कोणी, कधी, कशासाठी कोरली?’’ तर पुढची पाच मिनिटे न अडखळता बोलणारे आपल्यात किती निघतील? आम्हाला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. कारण एखाद्या जागेची गोष्ट जो सांगतो, त्याचीच ती जागा होते, असा जगाचा अनुभव आहे.

याचे एक उदाहरण फार दूरचे आहे, पण आपल्याला उपयोगी पडणारे आहे. अमेरिकेच्या अगदी उत्तरेला अलास्का नावाचा प्रांत आहे. तेथे ट्लिंगिट नावाचे मूळनिवासी लोक राहतात. त्यांतील हुना ट्लिंगिट यांची वाडवडिलांची भूमी म्हणजे ग्लेशियर बे हे समुद्राचे आखात. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी बर्फाची प्रचंड नदी पुढे सरकत आली आणि तिने त्यांची गावे गिळली. माणसे होड्यांतून पळाली आणि समोरच्या किनाऱ्यावर हुना या गावी वसली. पुढे बर्फ मागे हटला. पण माणसे आपल्या जुन्या भूमीवर पूर्ववत नांदू लागण्याआधीच सरकार तेथे आले. १९२५ मध्ये अमेरिकन सरकारने ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखीव केली आणि १९८० मध्ये तिचे राष्ट्रीय उद्यान झाले. निसर्ग राखायचा म्हणून शिकारीवर बंदी आली. कुरव नावाच्या समुद्रपक्ष्यांची अंडी वसंत ऋतूत गोळा करण्याचा त्यांचा कुटुंबाचा सण असे, त्यावरही बंदी आली. मोठमोठ्या बोटींतून पर्यटक येऊ लागले. त्यांना बर्फ दाखवला जाई, देवमासे दाखवले जात. या भूमीवर माणसे राहत होती आणि ती माणसे अजून समोरच्या गावात आहेत, हे मात्र फारसे कोणी सांगत नसे.

ट्लिंगिट लोकांनी हा प्रश्न सोडला नाही. सरकारी दारात ते वर्षानुवर्षे जात राहिले. आपले पूर्वज अंडी कशी गोळा करत, हे त्यांनी अभ्यासकांना समजावून दिले. घरट्यात एक-दोन अंडी असतील तर उचलायची, तीन झाली असतील तर त्या घरट्याला हात लावायचा नाही, कारण पक्षीण आता उबवायला बसली आहे, असा त्यांचा रिवाज होता. अभ्यासकांनाही पटले की ही रीत पक्ष्यांचा वंश राखणारी आहे. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून त्यांना अंडी गोळा करण्यास परवानगी दिली. २०१६ च्या ऑगस्ट महिन्यात तर त्याहून मोठी गोष्ट घडली. उद्यानाचे खाते आणि हुना गावची आदिवासी संस्था यांनी मिळून त्या किनाऱ्यावर ट्लिंगिट पद्धतीचे कुळघर उभारले. चार कुळांच्या खुणा त्यावर कोरल्या. गावे बर्फाखाली गेल्यानंतर अडीचशे वर्षांनी त्यांचे पहिले कायमचे घर तेथे उभे राहिले. तेथे त्यांचे विधी होतात, मुलांना वडीलधारी माणसे भाषा आणि कोरीवकाम शिकवतात आणि येणाऱ्या पर्यटकाला त्या भूमीची हकिगत ट्लिंगिट माणसाच्याच तोंडून ऐकायला मिळते. २०१८ मध्ये तेथे एक उंच कोरीव खांब उभा केला. सरकार आणि आपण यांच्यात जे कडू-गोड घडले ते सगळे त्यांनी त्यावर कोरले. बंदीचे दिवसही लपवले नाहीत.

आता आपल्या डोंगराकडे वळू. त्रिरश्मी ही जागा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. कायद्याने संरक्षित स्मारक आहे. ते योग्यच आहे, कारण इतक्या जुन्या दगडाची डागडुजी हे जाणत्या माणसांचे काम आहे. २०२१ मध्ये साफसफाईचे काम चालू असताना याच डोंगरात आणखी तीन लहान लेणी उजेडात आली, भिक्खूंच्या निवासाची. म्हणजे हा डोंगर अजून पुरता बोललेला नाही. पण दगड खात्याने सांभाळला तरी त्याचा अर्थ कोणी सांभाळायचा? तो अर्थ लेण्यांच्या भिंतींवरच कोरून ठेवला आहे. आपल्या माता-भगिनींनी आणि कारखान्यात राबणाऱ्या बांधवांनी तो मुद्दाम ऐकावा, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

पहिले, नाव. शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे येते, म्हणजेच त्रिरश्मी. क्रमांक १८ चे लेणे हे चैत्यगृह आहे, म्हणजे आत स्तूप असलेले वंदनेचे ठिकाण. त्याच्या दारावर लिहिले आहे की हे नासिककरांच्या धंभिक गावाचे दान आहे. कोणा राजाचे नाव नाही, एका गावाचे आहे. आपण वर्गणी काढून विहार बांधतो, तसेच दोन हजार वर्षांपूर्वी एका गावाने वर्गणीने हे दार घडवले. ‘नासिक’ हे नाव तेव्हाही होते, हेही त्यावरून कळते.

दुसरे, पैसा. क्रमांक १० च्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा शक घराण्यातला, क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने लेणे दिले आणि त्यातील भिक्खूंसाठी ३००० कार्षापण कायमचे ठेवले. कोठे ठेवले? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी काढायचे नाही, व्याजच वापरायचे. आता हिशेब करा. २००० चे दरमहा २०, वर्षाचे २४०. लेख सांगतो की २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावेत. बारा विसे दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो! पतपेढीत पै-पै जमवणाऱ्या आमच्या कामगार वाचकांना या लेखाचा अर्थ कोणा पंडिताने समजावून सांगण्याची गरज नाही. आणि हे गोवर्धन कोठे? अभ्यासक ते गंगापूरच्या पुढच्या आजच्या गोवर्धन गावाशी जोडतात. म्हणजे आपल्या सातपूरच्या शेजारी. ज्या मातीवर आज कारखान्यांची पाळी सुटते, तिच्या आसपास तेव्हा विणकरांचे माग चालत होते आणि त्यांच्या शब्दावर क्षत्रपाचा जावई तीन हजारांची ठेव सोडत होता.

तिसरे, एक बाई. त्याच लेण्याच्या अंगणात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. त्रिरश्मीवरील विहारात राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी तिने ठेव ठेवली. तीही गोवर्धनच्या श्रेणींकडेच. कुंभारांकडे १०००, पाण्याच्या यंत्रांचे काम करणाऱ्यांकडे २०००, तेल गाळणाऱ्यांकडे ५००. आजाऱ्याच्या औषधाची चिंता एका बाईला होती आणि ती चिंता तिने कुंभार, यंत्रकामगार आणि तेल्यांच्या हाती विश्वासाने सोपवली. घरात कोणी आजारी पडले की पहिला विचार आईच करते. तेव्हाही तसेच होते.

चौथे, जमीन. क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे आदेश कोरलेले आहेत. त्याने क्षहरातांचा पराभव केला आणि उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिले. निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, त्रास देऊ नये, मिठासाठी खणू नये, अशी सूट दिली. पुढे सहा वर्षांनी त्याच्या लक्षात आणून दिले गेले की ते गाव ओस पडले आहे, शेत पिकत नाही. तेव्हा राजमातेसह त्याने नवा आदेश काढला आणि नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने जमीन दिली. देऊन विसरला नाही. दिलेले दान खरोखर पोटाला लागते का, हे पाहिले. नंतर त्याची आई गौतमी बलश्री हिने हे मोठे लेणे भद्रयानीय भिक्खूंना अर्पण केले. दोन घराणी आपसात लढली, राज्ये बदलली, पण संघाला काही दिले पाहिजे याबाबत शत्रूंचेही एकमत होते.

आणि एक गोष्ट. बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाचा पराक्रम वर्णन करताना अर्जुन आणि भीमसेन यांचीही नावे उपमेसाठी येतात. उद्या कोणी म्हणेल, ‘‘बघा, पांडवांचे नाव आहे की!’’ तेव्हा ती उपमा आहे, लेणे कोरणाऱ्याचे नाव नव्हे, हे शांतपणे सांगता आले पाहिजे. ज्याने लेख वाचलेला नाही तो अशा वेळी चिडतो. ज्याने वाचला आहे तो हसून समजावून देतो.

आता एक अवघड प्रश्न. काही जण विचारतात, ‘‘तुम्ही १९५६ साली बौद्ध झालात. लेणी दोन हजार वर्षांची. तुमचा वारसा कसा?’’ हा प्रश्न टोचून विचारला जातो, म्हणून तो टाळण्यात अर्थ नाही. ट्लिंगिटांचा हक्क जन्माचा आहे, कुळाचा आहे. आपण कोणत्या कुळाचे, याचा दाखला मागितला तर दोन हजार वर्षांचा दाखला या देशात कोणापाशीच निघणार नाही. पण लेण्यांनीच याचे उत्तर दिलेले आहे. येथे दान देणाऱ्यांत शक आहेत, सातवाहन आहेत, आणि क्रमांक १७ च्या लेण्यात इंद्राग्निदत्त नावाचा उत्तरेकडून आलेला यवनही आहे. कोणाचे कूळ कोणाशी जुळत नाही. आणि उषवदाताने दान कोणाच्या नावे लिहिले? चारी दिशांच्या संघाच्या नावे. अमुक जातीच्या, अमुक घराण्याच्या नावे लिहिले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला त्या चारी दिशांच्या वाटेवर आणले. म्हणून या जागेचा वारस रक्तावरून ठरत नाही. जो तिची काळजी घेतो, तिची शिकवण पाळतो आणि आलेल्याला ती समजावून देतो, तो वारस. या मापाने आपला हक्क पक्का आहे, आणि याच मापाने आपली परीक्षाही आहे.

कागदावर वाटा मिळाला म्हणजे सगळे मिळाले, असे मात्र नव्हे. बुद्धगयेचे पाहा. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापन समितीवर चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य आले आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याला दिले. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर दुसरा हिंदू अध्यक्ष नेमावा, अशी अट त्या कायद्यात होती. ती काढायला २०१३ साल उजाडले. ज्या जागी सिद्धार्थ बुद्ध झाले, तेथेही बौद्धांना बहुमत नाही, म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी तेथे आंदोलन सुरू केले आणि महाराष्ट्रातूनही आपली माणसे तेथे गेली. तो लढा न्यायाचा आहे आणि आपण त्याच्या मागे उभे राहिले पाहिजे.

पण लढ्याला अभ्यासाचे बळ लागते, हे आपल्याच महाराष्ट्रातील आदिवासी बांधवांनी दाखवून दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचे लहानसे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०११ मध्ये त्यांना स्वतःचा बांबू विकण्याचा परवानाही हाती मिळाला. हे कसे झाले? गावात अभ्यासगट होते. लोक बसून कायदा वाचत, जंगल मोजत, चर्चा करत आणि ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय घेत. अधिकारी गावात आला की त्याच्याइतकीच माहिती गावकऱ्यांकडे असे.

म्हणून आम्ही वाचकांपुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. प्रबुद्धनगर असो, स्वारबाबानगर असो, श्रमिकनगर असो की अशोकनगर, प्रत्येक विहारात त्रिरश्मीसाठी एक अभ्यासगट असावा. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक शिलालेख घ्यावा, त्याचा मराठी अर्थ वाचावा आणि त्यावर बोलावे. फ्रेंच पंडित सेनार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हे लेख वाचून प्रसिद्ध केले आहेत. आता आपली अनेक तरुण मुले-मुली धम्मलिपी शिकत आहेत. त्यांना पुढे बसवावे. आठवी-नववीतल्या मुलीला विष्णुदत्तेचा लेख बोट ठेवून वाचता आला, तर त्या घराला यापरता दागिना कोणता?

तीन लेणी पाठ करावीत, १८, १० आणि ३. एवढी पुरतात. कोणी पाहुणा भेटला की प्रेमाने सांगावे. तो कोणत्या धर्माचा, हे विचारू नये. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकात लाखो भाविक येतात, त्यांतले काही या डोंगरावरही चढतात. त्यांच्याशी नावावरून भांडत बसण्यापेक्षा त्यांना विणकरांच्या ठेवीची गोष्ट सांगावी. ती ऐकून गेलेला माणूस घरी जाऊन ‘पांडवलेणी’ म्हणताना एकदा तरी थांबेल.

दगडाला जपावे. भिंतीवर नाव कोरू नये, लेण्यात मेणबत्ती लावू नये, धुराने कोरीव अक्षरे काळवंडतात. वंदना मुखाने करावी, दीप पायथ्याच्या स्मारकात लावावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचे रोप श्रीलंकेहून आणून त्या स्मारकात लावले गेले. झाड लावले त्या दिवशी गर्दी होतेच. उन्हाळ्यात त्याची विचारपूस करणारेही हवेत. डोंगरावरून उतरताना आपल्या पिशवीत आपला कचरा तर असावाच, शिवाय दुसऱ्याची एखादी बाटलीही असावी.

आणि पुरातत्त्व खात्याकडे विहारांच्या वतीने एकमुखाने, लेखी मागणी करावी: शिलालेखांच्या मराठी अर्थाचे फलक प्रत्येक मुख्य लेण्यापाशी असावेत, आणि लेख वाचता येणाऱ्या स्थानिक तरुणांना पाहुण्यांना माहिती सांगण्याचे अधिकृत काम मिळावे. खात्याने दगड राखावा, आपण अर्थ राखावा. हुना गावच्या लोकांनी हेच केले आणि सरकारला ते मान्य करावे लागले. अर्ज एकदा करून थांबू नये. शेत पिकत नाही हे कोणीतरी राजापर्यंत पोहोचवले, म्हणून तर दुसरा आदेश निघाला.

सातपूरच्या पाळीवरून सुटलेला कामगार अंबडच्या रस्त्याने घरी जाताना डाव्या-उजव्या हाताला तो डोंगर रोज पाहतो. त्यावर त्याच्यासारख्याच हातांनी राबणाऱ्यांची नावे लिहिलेली आहेत: विणकर, कुंभार, तेली, यंत्रावर काम करणारे. येत्या रविवारी मुलांना घेऊन वर जावे आणि ती नावे त्यांना वाचून दाखवावीत.

नमो बुद्धाय. जयभीम.